दामिनीच्या नावाने गेलेला मेल

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला निळ्या पत्र्याची एक लांबट शेड दिसते. तिथे भेंडी येते. किन्हवलीकडची, सरळगावकडची कोवळी भेंडी सकाळीच क्रेटमध्ये भरून येते, बायका ती निवडतात, खोके भरतात आणि संध्याकाळी गाडी विमानतळाकडे निघते. दुसऱ्या दिवशी तीच भेंडी दुबईच्या नाहीतर दोह्याच्या बाजारात असते. शेडच्या टोकाला काचेची एक खोली आहे. त्या खोलीत दामिनी बसायची.

परदेशातल्या गिऱ्हाइकांचे मेल वाचणं, त्यांना उत्तरं देणं, मालासोबत जाणारे कागद तयार करणं हे तिचं काम. गिऱ्हाइकं तिला 'मिस दामिनी' म्हणून लिहायची. तिचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, पण भेंडी काळी पडली तर पहिला मेल तिलाच यायचा.

ती उंबरमाळीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची. बाप भिमा डोंगरउतारावर नाचणी आणि खाली खाचरात थोडं भात करायचा. मोबाइलला रेंज यायची ती विहिरीजवळच्या खडकावर, तीसुद्धा वाऱ्याच्या मर्जीने. त्यामुळे दामिनीचा स्वतःचा मेलही ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर उघडलेला असायचा. तो तिथे बसवून दिला होता संदेशने.

संदेश तिथला मॅनेजर. शहापूरजवळच्याच गावचा, घरची भातशेती असलेला, पस्तिशीतला माणूस. रविवारी तो एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा आणि दामिनी तिथे शिकायला यायची. कोर्स संपल्यावर घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं, तेव्हा संदेश मोटरसायकल काढून थेट पाड्यावर आला होता. अंगणात बसून भिमाला म्हणाला होता, "काका, पोरीचं डोकं चालतंय. दोन वर्षं मला द्या. तिची जबाबदारी माझी."

भिमाने ऐकलं. पाड्यावरची एक मुलगी ऑफिसात बसते, याचं श्रेय सगळे संदेशलाच द्यायचे. दामिनीही द्यायची. त्याला ती दादा म्हणायची आणि त्याच्या बायकोला, रेश्माला, वहिनी. गाडी चुकली तर ती रात्री त्यांच्याच घरी राहायची, रेश्माच्या हातची सुकटीची चटणी खायची.

दिवाळी झाली आणि भेंडीचा हंगाम जोरात आला. मेल आवरेनात. तेव्हा संदेशने कुणाकडून तरी एक छोटा प्रोग्राम करून आणला आणि दामिनीच्या मेलला जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मेल उघडला, तर पडद्याच्या मधोमध एक चौकोन आला. पिवळा त्रिकोण आणि त्याच्या बाजूला इंग्रजी मजकूर. एक प्रोग्राम तुमच्या मेलमधले पत्ते बघू पाहतोय. हे तुम्हाला अपेक्षित नसेल तर परवानगी देऊ नका. खाली दोन बटणं होती, अलाऊ आणि डिनाय.

दामिनीने माऊसवरून हात उचलला. "दादा, हे बघा ना काय इचारतंय."

संदेश उठून आला. "आपलाच प्रोग्राम हाय तो. ऑर्डरचे मेल आता आपोआप एक्सेलमधी जातील. नि तुला टाइम नसला तर मी माझ्या टेबलावरून उत्तर लिहीन, ते तुझ्या मेलमधून जाईल. गिऱ्हाइकाला तुझं नाव दिसलं पायजे ना."

"आपलाच हाय तर मग इचारतो कशाला?"

"अँटिव्हायरसची मुदत संपलीय. म्हणून मशीन घाबरतंय. तू अलाऊ दाब."

दामिनीने दाबलं. चौकोन गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला, तिने पुन्हा दाबलं. परवानगी किती मिनिटांची द्यायची तेही त्यात विचारलेलं असायचं, आणि ती सगळ्यांत मोठा आकडा निवडायची, म्हणजे तेवढाच वेळ शांतता. आठवड्याभरात तिला तो चौकोन दिसेनासा झाला. म्हणजे तो यायचा, पण ती वाचायची नाही. एका हाताने फोन कानाशी धरलेला असायचा, दुसरा हात आपोआप बटणावर जायचा.

जानेवारीत रविना मॅडम आल्या. त्या माल तपासणाऱ्या एका संस्थेत होत्या, महिन्यातून एखादी फेरी मारायच्या. दामिनीने कागद कसे लावलेत ते त्यांनी चाळून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाशिकला द्राक्षं पाठवणारी एक कंपनी आहे. त्यांना अशीच मुलगी हवी आहे. राहायची सोय आहे, पुढे शिकताही येईल. अर्ज कर. माझी ओळख आहे तिथे, पण ओळखीवर घेत नाहीत, काम बघून घेतात."

दामिनीने ही गोष्ट सगळ्यांत आधी सांगितली ती संदेशला. घरी सांगण्याआधी. त्याच्यापासून काही लपवायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

संदेशने हातातलं पेन खाली ठेवलं. मग हसला. "चांगलं हाय की. कर अर्ज. मी बघतो नीट लिहिलाय का."

त्याने खरंच बघितला. दोन ठिकाणी इंग्रजी सुधारलं. फोनवर मुलाखत होणार होती त्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने तिला समोर बसवून प्रश्न विचारले. "हळू बोल," तो म्हणाला. "घाई करशील तर वाटेल घाबरलीय." मुलाखतीच्या वेळी दामिनी शेडच्या मागे, रिकाम्या क्रेटच्या थप्पीपाशी उभी होती. बोलून परत आली तेव्हा संदेशने चहा मागवून ठेवला होता.

"कसं झालं?"

"बरं झालं असं वाटतं. मेलवर कळवतो म्हणाले."

"मग झालंच समज."

मेल आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. त्याच दिवसांत एकदा दुपारी पडद्यावर चौकोन आला आणि दामिनीला तो जरा वेगळा वाटला. मजकूर नेहमीचा नव्हता. एक प्रोग्राम तुमच्या वतीने मेल पाठवू पाहतोय, असं काहीतरी होतं.

"दादा, आज येगळंच लिवलंय. माझ्या नावानी मेल पाठवायचा म्हणतोय."

संदेशने मान वर केली नाही. "दोह्यावाल्याला उत्तर लिवलंय मी. जाऊ दे ते."

तिने अलाऊ दाबलं.

फेब्रुवारी संपता संपता तिने नाशिकचा नाद सोडला. एकदा तिने संदेशला विचारलं होतं, आपण फोन करून बघू का. तो म्हणाला, "नको. मागे लागलेलं त्यांना आवडत नाय. मोठ्या कंपन्या अशाच असतात गो. घ्यायचं असतं आपल्या माणसाला नि मुलाखती घेतात जगाच्या." त्या संध्याकाळी त्याने तिला मुद्दाम घरी जेवायला नेलं. रेश्माने भाकऱ्या केल्या होत्या. वाढता वाढता ती दामिनीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं, हितंच ऱ्हायलीस." दामिनीला वाटलं, वहिनी समजूत घालतेय.

मार्चमध्ये रविना मॅडम पुन्हा आल्या. या वेळी त्या दामिनीशी कामापुरतंच बोलल्या. खोके मोजले, सह्या केल्या, पर्स उचलली. दामिनी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली.

"मॅडम, माझं काय चुकलं का?"

रविना मॅडमनी गाडीचं दार उघडून तसंच धरलं. "तुला जायचं नव्हतं तर नव्हतं. पण निदान मला एक फोन करायचास. त्यांनी नेमणुकीचं पत्र पाठवलं, आठवण करून दिली, आणि तू दोन ओळींत नकार कळवलास. मी तोंडघशी पडले तिथे."

"मी? मला तर काहीच आलं नाय, मॅडम."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग फोन काढला. नाशिकच्या कंपनीतल्या एका बाईंनी त्यांना तो मेल पुढे पाठवलेला होता. दामिनीने वाचला. पत्ता तिचाच होता. खाली नावही तिचंच. घरच्या अडचणीमुळे ही नोकरी स्वीकारता येत नाही, कृपया पुढे माझा विचार करू नये, असं इंग्रजीत लिहिलं होतं. दामिनीने ते तिथेच उन्हात उभं राहून तीनदा वाचलं. 'डोमेस्टिक कन्स्ट्रेंट्स' हे शब्द तिने आयुष्यात वापरले नव्हते. पण ते तिच्या ओळखीचे होते. कुणी रजा मागितली की संदेश मालकांना, म्हणजे शेठना, हेच लिहायचा.

"हे मी नाय लिवलं," ती म्हणाली.

"मग कुणी?"

दामिनीने काचेच्या खोलीकडे पाहिलं. रविना मॅडमचा चेहरा हळूहळू बदलला. "ती जागा आता भरली, दामिनी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मला आधी कळलं असतं तर."

दामिनी आत आली. संदेश बाहेर गाडी भरून घेत होता, काचेतून त्याची पाठ दिसत होती. तिने मेलमध्ये त्या कंपनीचं नाव टाकून शोध घेतला. इनबॉक्समध्ये काही नव्हतं. मग तिने सगळ्या फोल्डरांत शोधलं. ऑर्डरच्या फोल्डरच्या पोटात आणखी एक फोल्डर होतं, जुन्या बिलांच्या नावाचं. त्यात नाशिकचे मेल एकाखाली एक ठेवलेले होते. अभिनंदन. रुजू होण्याची तारीख. वसतिगृहातल्या खोलीची माहिती. मग एक आठवण. आणि सगळ्यांत खाली तिने न लिहिलेलं उत्तर. ते गेल्याची वेळ दुपारची होती. ज्या दुपारी तिने विचारलं होतं आणि संदेशने मान वर न करता सांगितलं होतं, ती दुपार.

अभिनंदनाचा मेल तिने उघडला. तो आधीच कुणीतरी उघडून वाचलेला आहे हे दिसत होतं. रडू येत नव्हतं. तिला सारखं एवढंच आठवत होतं की मुलाखतीनंतर त्याने चहा मागवून ठेवला होता.

संदेश रुमालाने मान पुसत आत आला. पडदा त्याला दारातूनच दिसला असावा. तो तिथेच थांबला.

"दादा, हे तुमी केलंत?"

त्याने दार लावून घेतलं. "बस. सांगतो."

"मी बसलेलीच हाय."

"हे बघ दामिनी, सीझनच्या मधी तू गेली असतीस तर हितं काय झालं असतं? शेठनी मला धरलं असतं. गिऱ्हाइकं तुला ओळखतात, मला नाय. नि नाशिकला तुझं कोण हाय? हितं मी हाय, वहिनी हाय. मी तुझ्या बापाला शब्द दिलाय."

"तुमी मला सांगायचं होतं, जाऊ नको म्हणून. मी ऱ्हायले असते."

हे ऐकून तो क्षणभर गोंधळला. हे खरं आहे हे त्यालाही कळलं असावं. पण मग त्याचा आवाज चढला.

"मी शिकवली नसती तर तू आज कुठं असतीस? डोंगरावर लाकडं गोळा करत. नि तुझ्या मशीनला मी हातसुद्धा लावला नाय. तो मेल तूच जाऊ दिलास. अलाऊ तूच दाबलंस."

काचेपलीकडे बायका भेंडी निवडत होत्या. कुणाला काही ऐकू येत नव्हतं. दामिनीने आपला मेल बंद केला, डब्याची पिशवी घेतली आणि त्याच्या बाजूने बाहेर पडली. आसनगावला जाणारी रिक्षा मिळेपर्यंत ती रस्त्याच्या कडेला उभी होती. तिला वाटत होतं, तो मागून येईल आणि काहीतरी बोलेल. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने शेठना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या दोघांतलं आहे ते तुम्ही मिटवा. माल थांबता कामा नये."

घरी तिने सांगितलं तेव्हा भिमा कुंपणाला काट्या लावत होता. त्याला मेल, प्रोग्राम हे फारसं कळलं नाही. जे कळलं त्यावर त्याचा विश्वास बसला नाही. "संदेश असा करणार नाय," तो म्हणाला. "तुझाच कायतरी चुकला असंल. तेवढा कुणी केला होता आपल्यासाठी?"

"बाबा, मी डोळ्यांनी बघितलंय."

"मशीनीत बघितलास ना? माणसाच्या तोंडून ऐकला का?"

"ऐकला."

भिमाने पुढची काटी उचलली. त्याचं मन वळलं नव्हतं. पाड्यावर बातमी पसरली ती अशी की दामिनीने चांगली नोकरी रागाच्या भरात सोडली. तिच्या आईने, बाईजाने, तिची बाजू घेतली नाही की बापाचीही घेतली नाही. ती तिला सकाळी मोहाची फुलं वेचायला सोबत न्यायची आणि काही विचारायची नाही. दामिनीला त्या दिवसांत तेवढंच सोसत होतं. ऑफिसच्या आठवणी काढायच्या म्हटल्या तर चांगली एकही उरली नव्हती. त्याने सुधारलेलं इंग्रजी, रेश्माच्या घरची जेवणं, रविवारचा क्लास, प्रत्येकाकडे आता ती संशयाने बघत होती. यातलं खरं किती होतं? सगळं खरं होतं, असंही कधी कधी वाटायचं, आणि ते जास्त जड जायचं.

एप्रिलमध्ये एका दुपारी मोटरसायकल पाड्यावर आली. संदेशच्या मागे रेश्मा बसलेली होती, मांडीवर मिठाईचा पुडा घेऊन. भिमाने लगबगीने खाट टाकली. बाईजाने पाणी आणून दिलं. दामिनी घराच्या दारात उभी राहिली, बाहेर आली नाही.

"काका, गैरसमज झालाय," संदेश म्हणाला. "कॉम्प्युटरचा घोळ होता. प्रोग्रामनी नको ते मेल बाजूला टाकले. मी आता तो काढून टाकलाय. पोरीला पाठवा परत. शेठ वाट बघतायत."

भिमाने दामिनीकडे बघितलं. त्याच्या नजरेत, बघ, मी सांगत होतो, असं होतं.

"नि उत्तर?" दामिनीने दारातूनच विचारलं. "तेपण प्रोग्रामनी लिवलं?"

"तेच तर सांगतोय, घोळ…"

"काय उत्तर?" रेश्मा मध्येच म्हणाली. ती नवऱ्याकडे वळली होती. "तुमी तर मला सांगितलंत हिनीच नाय म्हटलं. नाशिकवाल्यांनी घेतली होती, पण घर सोडवत नाय म्हणून हिनीच नकार कळवला. फेब्रुवारीतच बोललात मला. म्हणून मी हिला म्हटलं, बरं झालं ऱ्हायलीस."

कोंबड्या खाटेखालून गेल्या. संदेशने पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"म्हणजे तुला ठावं होता, तिला नोकरी लागलीय," भिमा सावकाश म्हणाला. तो संदेशला पहिल्यांदाच एकेरीत बोलत होता. "नि तू तिला म्हणत होतास, ते लोक असेच असतात म्हणून."

"काका, तिच्या भल्यासाठी…"

"भला तिला ठरवू द्यायचा होतास."

संदेशने रेश्माकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती. मिठाईचा पुडा तिने खाटेवर ठेवला, मग काय वाटलं कोण जाणे, तो परत उचलला. ती दामिनीजवळ आली. "मला खरंच ठावं नव्हतं गो," ती म्हणाली. दामिनीने मान हलवली. वहिनीचा हात तिने हातात घेतला, पण तो धरून ठेवावासा वाटला नाही.

"उन्हं उतरायच्या आत निघा," भिमा म्हणाला.

मोटरसायकल उतारावरून खाली जाईपर्यंत तो अंगणातच उभा होता. मग दामिनीकडे न बघता बोलला, "मीच त्याच्या शब्दावर तुला पाठवली होती. मला वाटला, शिकलेला हाय, शब्द पाळंल." आणि तो काट्या लावायला गेला. माफी मागायची त्याला सवय नव्हती. दामिनीला तेवढं पुरलं.

मे महिन्यात मुरबाडच्या कारखान्यांपैकी एका लहान कंपनीत तिला काम मिळालं. पुठ्ठ्याचे खोके बनवायचे ते लोक. नाशिकच्या मानाने ते काहीच नव्हतं. पगार कमी, शिकण्यासारखं थोडं. दोन मुलींसोबत तिने स्टँडच्या मागे खोली घेतली.

तिथे लडकू नावाचे एक जुने कारकून होते. बोलायला मऊ, स्वतःच्या मुलींच्या परीक्षांबद्दल सांगत बसायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला गोदामाची सगळी रीत समजावून दिली, चहाचा कपही तिच्या टेबलावर आणून ठेवला. शनिवारी सुटताना म्हणाले, "बेटा, ऊन फार आहे. स्कूटरवर सोडतो स्टँडपर्यंत. मला त्याच बाजूला जायचंय."

"नको काका. मी जाईन चालत."

"अगं, वाटेतच आहे."

"नको."

तिला ते जरा तुटक वाटलं, पण शब्द निघून गेले होते. लडकूंनी वाईट वाटून घेतलं नाही. "बरं बरं, सावलीने जा," म्हणत ते निघून गेले. चांगला माणूस आहे, हे तिला दिसत होतं. उद्या परवा आपण त्यांच्याशी नीट बोलू, असं तिने ठरवलं. सोमवारी त्यांनी पुन्हा चहा आणून ठेवला. दामिनीने त्यांचे आभार मानले आणि त्यांची पाठ वळल्यावर कप टेबलाच्या कडेला सरकवून ठेवला. तो तिथेच गार झाला.